निवड आणि निवाडा

पुण्याकडील नातलगांना मी ‘इंटर कॉलेज’मध्ये शिकवते असे कळले, की ते मला प्राध्यापिका समजत. उत्तर प्रदेशात बारावीपर्यंतच्या शाळेला इंटर कॉलेज म्हणतात आणि मी तेथे संस्कृत शिकविणारी एक साधी शिक्षिका आहे, हा खुलासा मला दर उन्हाळ्याच्या सुटीत नव्याने करावा लागे. लखनौमध्ये मात्र खुलाशाची गरज पडत नसे. शाळेचे नाव ऐकताच समोरच्याचा चेहरा जरा बदले आणि तो म्हणे, ‘‘अच्छा, वह तो होशियार लडकियों का स्कूल है.’’ या उद्गाराने मला सुख होई, हे कबूल केले पाहिजे. मुली हुशार होत्या यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते. तरी त्यांच्या हुशारीचा थोडासा उजेड माझ्याही अंगावर पडे आणि तो मला आवडे.

सेवेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. त्या सुखाकडे जरा अलिप्तपणे पाहता येईल इतके अंतर मध्ये पडले आहे. आणि पाहू लागले, की नोकरीत असताना जो प्रश्न मी स्वतःला कधी नीट विचारला नाही, तो पुढे येऊन उभा राहतो. ज्या शाळेच्या दारात निवड होते, तिने निवडलेल्या मुलींचे काय केले याची मोजदाद सगळेच करतात. परंतु न निवडलेल्या मुलींचे तिने काय केले, हा हिशोब कोणाच्या वहीत मांडायचा?

आधी शाळेविषयी चांगले सांगते. कारण चांगले पुष्कळ होते. शाळा सरकारी. शुल्क नाममात्र, जागा थोड्या आणि अर्ज जागांच्या कितीतरी पट. म्हणून सहावीत प्रवेश देताना त्या काळी लेखी परीक्षा होई आणि गुणक्रमाने यादी लागे. त्या यादीतून येणाऱ्या मुली शहराच्या सर्व बाजूंच्या असत. चौकातल्या, रकाबगंजातल्या, ऐशबागेतल्या, निशातगंजातल्या. सचिवालयातील बाबूची मुलगी आणि चिकनचे काम करणाऱ्या बाईची मुलगी एका बाकावर बसत. चिकनकाम लखनौच्या गल्लीगल्लीतून बायका घरी बसून, नगावर मजुरी घेऊन करतात. कित्येक मुली रात्री आईबरोबर सुई चालवून सकाळी शाळेत येत आणि त्यांच्या बोटांवर टोचल्याच्या बारीक खुणा असत. डिसेंबर-जानेवारीत असे दाट धुके पडे, की प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या मुलींच्या मागच्या रांगा दिसत नसत, नुसता आवाज ऐकू येई. मे महिन्यात लू सुरू होण्यापूर्वी घरी पोचता यावे म्हणून शाळा भल्या सकाळी भरे.

वर्गात पाऊल टाकले की थकवा जाई. ज्या मुली घरी उर्दू बोलत, त्यांचे शीन-काफ लहानपणापासून घोटलेले असे. संस्कृत श्लोक म्हणताना त्यांच्या तोंडून ‘श’ आणि ‘स’ यांतला भेद इतका स्वच्छ येई, की पंडितांच्या घरच्या मुली त्यांच्यापुढे फिक्या पडत. एखादे रूप असेच का होते, हे विचारल्याशिवाय ते पाठ करायला त्या वर्गातली एकही मुलगी तयार नसे. घरी प्रश्न विचारला तर ‘जबान लडाती है’ म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलीला येथे त्याच प्रश्नाबद्दल शाबासकी मिळे. शेजारी बसलेली मैत्रीणही तशीच, तिच्या पलीकडची तिसरीही तशीच. हुशारी ही लपवायची वस्तू नव्हे, हे तिला सहावीपासून बारावीपर्यंत सात वर्षे रोज पाहायला मिळे. एखाद्या मुलीच्या आयुष्यात ही सात वर्षे काय करू शकतात, ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेव्हा अशी शाळा नसावी, असे मी हलक्या मनाने म्हणू शकणार नाही.

आता जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला ती गोष्ट सांगते. तिला चाळीस वर्षे झाली असतील. प्रवेश-परीक्षेचे भाषेचे पेपर आम्हा काही शिक्षिकांत वाटून दिले होते. निबंधाचा विषय होता ‘मेरी रेलयात्रा’. एका मुलीने लिहिले होते, की मी रेल्वेत कधी बसलेले नाही. माझे वडील चारबाग स्थानकावर सामान वाहतात आणि दुपारी त्यांचे जेवण घेऊन मी तेथे जाते. गाडी सुटली की फलाटावर थोडा वेळ कोणीच बोलत नाही. मग कोणीतरी खोकते आणि सगळे पुन्हा सुरू होते. गाड्या कोठे जातात ते मला माहीत नाही, पण त्या गेल्यावर येथे काय राहते ते मला माहीत आहे. अशा अर्थाचे दीड पान होते आणि त्यात प्रवास नव्हता. मी समासात लाल शाईने ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि निम्म्याहून कमी गुण दिले. नियमाला ते धरून होते. आजोळी जाऊन आलेल्या मुलींनी खिडकीतून पळणारी झाडे, स्थानकावरचे समोसे, वरच्या बाकावर झोपलेले मामा यांची वर्णने केली होती. त्यांना बेताचे बरे गुण मिळाले.

यादी लागली त्या दिवशी त्या मुलीचा बाप तिला घेऊन आला. अंगात हमालाचा लाल सदरा, दंडाला पितळी बिल्ला. बरोबर मुलीचा थोरला भाऊही होता. बापाला वाचता येत नसावे. त्याने क्रमांकाची चिठ्ठी माझ्यापुढे धरली आणि तो क्रमांक मी ओळखला. ती दोन गुणांनी यादीबाहेर राहिली होती. नाव नाही, असे मी सांगितले. तो चिडला नाही, त्याने गयावयाही केली नाही. त्याने एवढेच विचारले, ‘‘बहनजी, तो यह पढने लायक नहीं है?’’

जागा कमी होत्या, असे काहीसे मी पुटपुटले. त्याने समजूतदारपणे मान हलविली. जाता जाता सहज बोलावे तसा तो बोलला, की हा मुलगा दोनदा नापास झाला आहे, यंदा पुन्हा त्याच वर्गात बसेल. मुलगा ‘पढने लायक’ आहे की नाही, हा प्रश्न त्या घरात कोणी कोणाला विचारलेला नव्हता. पुढे त्या मुलीचे काय झाले, मला ठाऊक नाही. ते ठाऊक करून घेण्याचा प्रयत्नही मी केला नाही.

त्या माणसाचा प्रश्न चुकीचा होता, असे मी कैक वर्षे मानीत आले. आता वाटते, की प्रश्न अचूक होता. चुकीचे होते ते आमचे मौन. मराठीत निवड आणि निवाडा हे दोन शब्द कानाला सख्खे वाटतात, पण नीतीच्या दृष्टीने त्यांच्यात फार अंतर आहे. मलिहाबादच्या दसहरी आंब्यांची रास पुढे असावी आणि पिशवीत दहाच मावत असावेत; तेव्हा आपण दहा उचलतो, आणि मागे राहिलेले त्यामुळे नासके ठरत नाहीत. ही निवड झाली. हेच हात राशीतून सडलेला आंबा वेगळा काढून फेकतात, तेव्हा तो निवाडा असतो. प्रवेश-परीक्षा ही पहिल्या प्रकारची कृती आहे. पिशवी लहान आहे, एवढेच तिचे समर्थन. पण यादी फळ्यावर लागते आणि बघता बघता तिचा अर्थ दुसऱ्या प्रकारचा होऊन बसतो. यादीला जे माहीत असते ते फार थोडे असते: अमुक दिवशी, अमुक प्रश्नांना, अमुक वेळात या मुलीने अशी उत्तरे दिली. मुलगी शिकण्यास योग्य आहे काय, हे यादीला माहीत नसते. तिला कोणी ते विचारलेलेही नसते. तरीही बाप तिच्याकडून तेच उत्तर घेऊन घरी जातो.

आणि आम्ही शाळेतली माणसे त्याला तसे करू देतो, कारण त्यात आमचे सुख गुंतलेले असते. ‘होशियार लडकियों का स्कूल’ या शब्दांचा गोडवा कशात आहे? आतल्या मुली हुशार आहेत यात तो आहेच. पण बाहेरच्या तशा नाहीत, हे न बोललेले वाक्यही त्यात विरघळलेले आहे. ते काढून टाकले, तर गोडवा निम्मा उरेल.

यावर कोणी म्हणेल, की मग प्रवेश द्यायचा तरी कसा? चिठ्ठ्या टाकायच्या काय? चिठ्ठ्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. चिठ्ठीत एक नम्रता असते. जिचे नाव निघाले नाही तिला चिठ्ठी अपात्र म्हणत नाही. पण चिठ्ठी श्रमांविषयी उदासीन असते आणि जिने वर्षभर कंदिलाखाली अभ्यास केला तिला ही उदासीनता अन्यायाची वाटल्याशिवाय राहणार नाही. परीक्षा निदान श्रमांचा आदर करते. शिवाय परीक्षा नव्हती तेव्हा दारात काय होते, हे विसरता कामा नये. तेव्हा चिठ्ठीचपाटी होती, ओळख होती, जात होती. वशिल्याच्या मानाने परीक्षा शतपटीने स्वच्छ आहे, आणि गरिबाच्या मुलीला तिच्याइतका दुसरा आधार क्वचितच मिळाला असेल. परीक्षेवर माझा आक्षेप एवढाच, की ती श्रम मोजताना श्रमांबरोबर शिकवणी मोजते, घरची पुस्तके मोजते, रेल्वेचा प्रवासही मोजते. आणि बेरीज करून त्या सगळ्याला एकच नाव देते, गुणवत्ता.

मायकेल यंग या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने १९५८ साली एक उपहासात्मक पुस्तक लिहिले. ज्या समाजात सर्व जागा केवळ बुद्धी आणि श्रम पाहून वाटल्या जातात, तो समाज मागे पडलेल्यांशी किती निष्ठुर होतो, याचे ते काल्पनिक चित्र आहे. पूर्वी मागे राहिलेला माणूस म्हणू शकत असे, की माझ्यासाठी दार बंद होते. आता त्याला म्हणावे लागते, की दार उघडे होते, मीच लायक नव्हतो. यंगने उपहासाने योजलेला शब्द पुढे लोक कौतुकाने वापरू लागले, ही त्या पुस्तकाची शोकांतिका. त्या हमालाच्या तोंडी जो ‘लायक’ शब्द आला, त्याचे मूळ येथे आहे. दार उघडे होते, असे आम्हीच त्याला सांगितले होते.

येथवर जे म्हटले ते मुलग्यांच्या शाळेलाही लागू पडेल. पण मुलींच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पीळ आहे, आणि मला वाटते तोच खरा पीळ आहे. मुलाला शाळेत जाण्यासाठी मुलगा असणे पुरत असे. मुलीला हुशार असावे लागे. आजही पुष्कळ घरांतून हे पुरते बदललेले नाही. त्यामुळे निवडीचा निकाल मुलीच्या हाती एक ढाल देतो. ‘सरकारी परीक्षेत निवडली गेली आहे’ एवढ्या वाक्यावर लग्न चार वर्षे पुढे गेलेले मी पाहिले आहे. चुलते गप्प बसलेले पाहिले आहेत. आजीने नातीच्या वाटची भांडी स्वतः घासलेली पाहिली आहेत. ही ढाल मुलीच्या हातून काढून घेणे हे क्रौर्य ठरेल. मात्र ढाल देताना आपण एक गोष्ट मान्य करून बसतो: जिच्याजवळ ढाल नाही तिच्यावर वार करण्यास हरकत नाही.

हे असे का झाले, याचा शोध घ्यायला जरा मागे गेले पाहिजे. लखनौमध्ये १८७० साली अमीनाबादच्या गजबजलेल्या बाजारात एका खोलीत इझाबेला थोबर्न या अमेरिकन मिशनरी बाईने सहा मुलींची शाळा उघडली. कोणी आत शिरून त्रास देऊ नये म्हणून हातात सोटा घेतलेला एक मुलगा दाराशी उभा केला होता, असे सांगतात. पुढे त्या शाळेतूनच लखनौचे प्रसिद्ध महिला महाविद्यालय वाढले. पुण्यात १८८४ साली न्यायमूर्ती रानडे प्रभृतींच्या प्रयत्नाने मुलींची माध्यमिक शाळा निघाली. पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेची ती जागा, म्हणून ती हुजूरपागा. मुलींनी किती वेळ शाळेत बसावे, त्यांना इंग्रजी शिकवावे काय, यावर तेव्हा वर्तमानपत्रांतून रणे माजली. त्या वादात सुधारकांचे मोठे बळ म्हणजे असामान्य स्त्रियांची उदाहरणे. पंडिता रमाबाईंची विद्वत्ता पाहा. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी पाहा. मुलगी काय करू शकते ते पाहा! वाद जिंकला गेला, हे आपले भाग्य. पण जिंकताना एक सवय लागून गेली. असामान्यांच्या साक्षीवर सामान्यांचा हक्क उभा करण्यात आला. मुलग्यांसाठी शाळा का काढावी, हे पटविण्यासाठी कोणी रानड्यांना साक्षीला बोलावले नव्हते. मठ्ठ मुलालाही शाळा असावी, हे आपल्याकडे कधी सिद्ध करावे लागले नाही.

याच्याही आधीचे एक उदाहरण मला या संदर्भात फार मोलाचे वाटते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या मातंग समाजातील कोवळ्या वयाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त छापून आला. आज तो मराठी गद्याचा एक ठेवा मानला जातो. मी स्वतःला विचारते, की ही मुलगी आमच्या प्रवेश-परीक्षेला बसली असती तर तिचे काय झाले असते? तिच्या निबंधाच्या समासात मी काय लिहिले असते? मुक्ता शाळेत आली ती हुशार म्हणून नव्हे. दार उघडे होते म्हणून ती आली, आणि हुशारी मागून दिसली. बुद्धी ही पुष्कळदा शाळेत शिरण्याची अट नसून शाळेत शिरल्याचे फळ असते, ही साधी गोष्ट शिक्षक असूनही मला फार उशिरा कळली.

जोतीरावांनीच १८८२ साली हंटर आयोगापुढे एक निवेदन दिले. सरकारचा महसूल बव्हंशी कष्टकरी रयतेच्या घामातून येतो आणि त्यातून शिक्षण मात्र वरच्या वर्गांच्या मुलांचे होते, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी त्यांची मागणी होती. सरकारी पैशावर चालणाऱ्या निवडक शाळेने हे निवेदन आपल्या दारावर लावून ठेवावे, इतके ते आजही लागू आहे. चारबागचा तो हमाल काडेपेटी विकत घेताना कर भरत होता. आमच्या वर्गातल्या खडूत त्याचाही वाटा होता.

वाटपच जर असमान असेल तर परीक्षेची स्वच्छताही काय कामाची, याचा एक नमुना परदेशात सापडतो. इंग्लंडमध्ये १९४४ च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांना निवडक ग्रामर शाळांत घालण्याची पद्धत रूढ झाली. बर्मिंगहॅम शहरात अशा शाळांतून मुलग्यांसाठी ५४० आणि मुलींसाठी ३६० जागा होत्या. साहजिकच मुलीला प्रवेशासाठी मुलग्याहून अधिक गुण लागत. प्रश्न तेच, तपासणी तीच, आणि तरी न्याय नाही. हा भेदभाव बेकायदा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायपीठाने दिला तो १९८९ साली. परीक्षा निर्मळ असली, तरी जागा किती आणि कोणासाठी हे ठरविणारा हात परीक्षेच्या आधीच आपले काम करून गेलेला असतो.

आपल्या देशात पुढे बरेच काही घडले. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला, २०१० पासून अमलात आला आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना प्रवेश देताना चाळणी-परीक्षा घेण्यास त्याने मनाई केली. नवोदय विद्यालयासारख्या काही शाळांना तेवढी मुभा राहिली. ही नवोदय विद्यालये म्हणजे निवडीचा अधिक विचारपूर्वक केलेला प्रयोग. त्यांतली पहिली दोन १९८५-८६ साली निघाली, एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला. निदान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी आणि एक तृतीयांश मुलींसाठी, असा तेथे नियम आहे. म्हणजे परीक्षा घेण्यापूर्वीच पिशवीत कोणासाठी किती जागा, हे ठरविले गेले. लखनौची सैनिक शाळा ही १९६० साली निघालेली, साताऱ्याच्या शाळेहूनही एक वर्षाने जुनी. तिचे दार मुलींसाठी उघडले ते २०१८ मध्ये. पहिल्या वर्षी पंधरा मुली आत गेल्या. अठ्ठावन्न वर्षे त्या दारात ज्या मुली उभ्याच राहू शकल्या नाहीत, त्यांना कोणत्या परीक्षेने नापास केले होते?

मला सर्वांत विचार करायला लावला तो मात्र २००४ साली सुरू झालेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयांनी. शिक्षणात मागे राहिलेल्या विकासखंडांतील मुलींसाठी या निवासी शाळा. येथेही निवड आहे, पण ती उलट्या दिशेने चालते. पंचाहत्तर टक्के जागा अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आणि अल्पसंख्य समाजातील मुलींना, उरलेल्या दारिद्र्यरेषेखालील घरांतल्या मुलींना. शाळा सुटलेली, शाळेत कधी न गेलेली मुलगी तेथे आधी पाहिली जाते. आमची शाळा विचारीत असे, ‘तू किती पुढे आहेस?’ ही शाळा विचारते, ‘तू किती मागे राहिलीस?’ प्रश्न बदलला की त्याच मुलीचे स्थान बदलते. यावरून एवढे तरी दिसते, की ‘लायक’ हा मुलीच्या अंगचा स्थिर गुण नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाची ती सावली आहे.

मात्र कायद्याचे बोट चौदाव्या वर्षी सुटते, हे विसरून चालणार नाही. आठवीपर्यंत हक्क, नववीपासून पुन्हा ऐपत, अंतर, गुण आणि घरच्यांची मर्जी. मुलीच्या आयुष्यात नेमके ज्या वयात घर तिला मागे ओढू लागते, त्याच वयात तिचा हक्क संपतो आणि तिला पुन्हा हुशारी सिद्ध करावी लागते.

मग निवडलेल्यांचे कर्तव्य काय? या प्रश्नापाशी आम्हा लखनौकर मराठी माणसांना एक नाव आठवल्याशिवाय राहत नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे मुंबईचे, व्यवसायाने वकील. गाण्याची विद्या तेव्हा घराण्यांच्या दारांआड होती; दारात जन्म आणि गुरूची मर्जी पाहून निवड होई, आणि चिजा जिवापाड जपल्या जात. भातखंड्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून त्या मिळविल्या. मिळालेले धन त्यांनी आपल्या तिजोरीत ठेवले नाही. स्वरलिपीत लिहून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या रूपाने ते कोणालाही विकत घेता येईल असे करून ठेवले, आणि १९२६ साली लखनौमध्ये संगीताचे विद्यालय उभे केले. ज्यांना घराण्याची दारे उघडली गेली असे थोडेच असतात. आत गेल्यावर दाराची चौकट रुंद करून बाहेर येणारा त्याहून विरळा. निवडक शाळेतील जागा ही पदक नव्हे, ठेव आहे. ती ज्यांच्या पैशांतून आणि ज्यांना वगळून आपल्या हाती आली, त्यांची ती ठेव आहे. आमच्या विद्यार्थिनींना आम्ही पुष्कळ शिकविले. हे एक शिकविण्याचे राहून गेले. त्यांच्यापैकी काहींनी ते आपण होऊन शिकून घेतले आणि लहान गावांतल्या, कोणी नाव न घेणाऱ्या शाळांत जन्म काढला, हा त्यांचा मोठेपणा.

जागा थोड्या आहेत तोवर निवड टळणार नाही. हे मी नाइलाजाने पण स्पष्टपणे म्हणते. मात्र निवड करणाऱ्याने आपल्या यादीला तिला ठाऊक असेल तेवढेच बोलू द्यावे. यादीखाली दोन ओळी छापायला कितीसा खर्च येतो? या यादीत नाव नसणे म्हणजे मुलगी शिकण्यास अपात्र असणे नव्हे. शेजारच्या अमुक शाळांत प्रवेश सुरू आहे, तिला तेथे अवश्य घाला. आणि ज्या शेजारच्या शाळेकडे आपण बोट दाखवू ती दाखविण्याजोगी आहे की नाही, याची लाज आपल्यालाही वाटली पाहिजे. एका शाळेचा लौकिक दुसरीच्या दुरवस्थेवर उभा असेल, तर तो लौकिक कर्जाऊ आहे.

त्या दिवशी मी त्या माणसाला काय सांगायला हवे होते, हे आता मला कळते. ‘‘भैया, तुमची मुलगी शिकण्याजोगी आहे काय, हे या कागदाला माहीत नाही. मला माहीत आहे. तिने दीड पान लिहिले होते, ते मी वाचले आहे,’’ एवढे सांगायला हवे होते. ते खरे होते आणि सांगणे माझ्या हाती होते. नियमाने मला तिला गुण द्यायला मनाई केली असेल. हे वाक्य बोलायला कोणत्याही नियमाची मनाई नव्हती.

चारबागला अजून अधूनमधून जाणे होते. गाडी सुटते, निरोप द्यायला आलेली माणसे क्षणभर गप्प उभी राहतात, मग कोणीतरी खोकते आणि फलाट पुन्हा बोलू लागतो. त्या मुलीने लिहिले होते तसेच. दर वेळी वाटते, तिने विषय सोडला नव्हता.